पांढरा, पिवळा आणि दुधी

आमच्या जेवणाच्या टेबलावरचा बल्ब गेला तो मंगळवारी, संध्याकाळी सातला पाच कमी असताना. वेळ इतकी नेमकी सांगतोय म्हणून हसू नका. वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक होतो, नेमकेपणा अंगात मुरलाय. शिवाय सातला बायकोचा फोन येतो, तोंड दिसणारा. त्यासाठी मी पावणेसातलाच तोंड धुऊन, केस विंचरून, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बसलेला असतो. त्या दिवशीही बसलो होतो. वर ‘टिक’ असा आवाज झाला आणि मी अंधारात गेलो.

बायको मुलीकडे गेली आहे. मुलगी राहते ते शहर इथून दीड दिवसाच्या प्रवासावर. तिला बाळ झालं, जावई सहा-सहा महिने जहाजावर, म्हणून बायको तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. आता पाच महिने होऊन गेले. मी तक्रार करत नाही. आकडा सांगितला, इतकंच.

आता हा बल्ब साधा बल्ब नव्हता. म्हणजे तसा साधाच होता, जुना तारवाला, पिवळा उजेड देणारा आणि हात लावला तर चटका देणारा. पण हे बल्ब बनायचे बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा बायकोने एकदम बारा आणून ठेवले आणि माझ्या जुन्या मोज्यांत एकेक घालून कपाटात लपवले. माझे मोजे गेले ते गेलेच. तिची आणखी एक पद्धत होती. नवा बल्ब चढवायच्या आधी त्याच्या पितळी बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने तारीख घालायची. किती दिवस चालतो ते कळायला पाहिजे, म्हणायची. माझ्या खात्यातल्या एकाही माणसाला हे सुचलं नव्हतं.

जायच्या दिवशी, रिक्षा खाली उभी असताना, तिने स्टुलावर चढून बारावा बल्ब लावला. म्हणाली, “हा शेवटचा. मी येईपर्यंत पुरेल.” मी खाली स्टूल धरून उभा होतो. चिकटपट्टीवर तारीख होती अकरा. तिच्या हिशेबाने तीन महिने पुरायला हवा होता, तो पाच महिने पुरला. म्हणजे बल्बने दिलेल्या शब्दापेक्षा जास्त केलं. बाकी कोणी शब्द पाळला आणि कोणी नाही, त्यात मी शिरत नाही.

सातला फोन वाजला. मी विजेरी पेटवून टेबलावर उभी केली आणि फोन घेतला. उजेड खालून, हनुवटीवर. पलीकडे बायको एकदम मागे सरकली. “अगं बाई, काय झालं तुम्हाला?”

“काही नाही. बल्ब गेला.”

“कुठला?”

“तुझा.”

मग म्हणाली, “तारीख बघून ठेवा त्याच्यावरची.” आणि बाळाने रडायला घेतलं, त्यामुळे आमचं बोलणं तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे सर आले. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. त्यांना जिन्यात कुणीही गाठलं तरी ते फळ्यासमोर असल्यासारखे बोलतात. मी बल्ब आणायला निघालोय असं नुसतं तोंडातून गेलं आणि अर्धा तास गेला. उजेडाला तापमान असतं. पिवळा उजेड सत्तावीसशे, पांढरा साडेसहा हजार. जितका आकडा मोठा तितका उजेड गार. मी म्हटलं, “सर, मोठा आकडा म्हणजे जास्त गरम असायला हवं.” सर माझ्याकडे असे बघायला लागले की मला बाकावर उभं राहावंसं वाटलं. शेवटी त्यांचा निकाल असा की तुमच्या वयाला पांढराच चांगला, माशी पडली तर दिसेल. आमचं वय एकच आहे, आणि आमच्या घरात माशा नाहीत.

मला पिवळाच हवा होता. कारण साधं आहे. त्या उजेडात आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. जेवण झालं, ताटं उचलली की ती वर्तमानपत्राचं शेवटचं पान काढायची आणि ‘घर भाड्याने देणे’च्या जाहिराती मोठ्याने वाचायची. आम्हाला घर भाड्याने घ्यायचं नव्हतं, राहतो ते स्वतःचं आहे. तरी ती वाचायची. “दोन खोल्या, मोठी गॅलरी, पाणी चोवीस तास. घ्यायचं?” मी विचारायचो, “गॅलरी कुठल्या दिशेला?” ती म्हणायची, “पूर्वेला.” मग त्या गॅलरीत कुठली खुर्ची ठेवायची यावर आमचं भांडणसुद्धा व्हायचं. असली शे-दोनशे घरं आम्ही त्या टेबलावर बसून लावली असतील. पाच महिन्यांची वर्तमानपत्रं आता तिच्या खुर्चीवर रचून ठेवली आहेत. शेवटचं पान मी उघडत नाही.

वीज कार्यालयात योजना चालू आहे असं कुणीतरी सांगितलं. गेलेला जुना बल्ब द्यायचा, नवा न्यायचा, आणि नव्यांत पिवळेही आहेत. मी बल्ब रुमालात गुंडाळला, तारखेची चिकटपट्टी तेवढी सोडवून पाकिटात ठेवली आणि चौथ्या खिडकीसमोर उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“बिल.”

बिल दिलं. त्यांनी नाव वाचलं.

“ग्राहक कोण?”

“माझी बायको.” घर तिच्या नावावर आहे, कारण सह्या करायच्या दिवशी मी दौऱ्यावर एका धान्याच्या गोदामातला काटा तपासत होतो.

“मग त्यांना पाठवा.”

“ती बाहेरगावी आहे.”

“कधी येणार?”

“ते नक्की नाही.”

त्यांनी एक अर्ज सरकवला. त्यात सातवा रकाना होता, ‘ग्राहक निवासस्थानी परतण्याची अपेक्षित तारीख’. मी पेन हातात घेऊन उभा राहिलो. मागे रांग होती.

“अंदाजे लिहा हो,” बाई म्हणाल्या.

आता हे मला सांगायचं? अंदाजे या शब्दासाठी मी तीस वर्षं दुकानदारांना दंडाच्या पावत्या फाडून दिल्यात. मी म्हटलं, “बाई, नक्की माहीत नसेल ते मी लिहीत नाही.”

“मग तुम्ही कोण?”

“मी नवरा.”

बाईंनी अर्ज उलटा-सुलटा करून बघितला. त्यात बाकी काही वाईट हेतू नव्हता, त्या खरोखरच शोधत होत्या. “नवरा असा रकाना नाहीये. ‘इतर वापरकर्ता’ आहे. पण मग घर सध्या ग्राहकाविना आहे असं लिहून द्यावं लागेल.”

मागच्या माणसाने खोकून दाखवलं. पंचवीस वर्षं ज्या घराच्या गळक्या नळांखाली मी बादल्या लावल्या त्या घराचा मी इतर वापरकर्ता झालो होतो. आणि घर ग्राहकाविना आहे हे लेखी द्यायचं होतं, ते तर खरंच होतं, म्हणून जास्तच लागलं. मी बल्ब रुमालात परत गुंडाळला आणि अर्ज तसाच खिडकीत ठेवून बाहेर पडलो.

मग उरला कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकवाला. त्याच्याकडे जायची माझी इच्छा नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्याची वायर मोजायची लोखंडी पट्टी मी जप्त केली होती, दोन बोटं कमी भरली होती. तेव्हापासून मी दुकानासमोरून गेलो की तो नवी पट्टी उचलून उन्हात धरतो. आत्ताही धरली.

“साहेब, पिवळा? आता कोण पिवळा लावतं? महिन्यात एखादा जातो. मागवायला पंधरा दिवस लागतील.” मग त्याने आवाज खाली आणला. “पण तुमच्यासारख्या माणसासाठी एक चीज आहे. थ्री-इन-वन. एकाच बल्बमध्ये पांढरा, पिवळा आणि दुधी. बटण बंद करून चालू केलं की रंग बदलतो. आधी पांढरा, मग पिवळा, मग दुधी, परत पांढरा. निवडायची कटकटच नाही.”

“खरंच तीन आहेत?”

“मोजून घ्या, साहेब,” तो म्हणाला आणि पट्टी पुन्हा उचलली. मी तिथे उभं राहून तिन्ही रंग मोजून घेतले.

घरी येऊन बल्ब लावला. स्टूल धरायला कोणी नव्हतं, त्यामुळे चढण्यात आणि उतरण्यात वेळ गेला. बटण दाबलं, पांढरा लागला आणि तेवढ्यात फोन वाजला. रंग बदलत बसायला वेळ नव्हता, तसाच घेतला.

पलीकडे बायको मुलीच्या घरातल्या त्याच कोपऱ्यात बसली होती, जिथे रोज बसते. बाजूच्या दिव्याच्या मऊ उजेडात तिचा चेहरा छान भरलेला दिसत होता. मी मनात म्हटलं, मानवलेलं दिसतंय लेकीकडचं. तिने मात्र मला बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बरं नाही का तुम्हाला?”

“बरा आहे की.”

“डोळ्यांखाली काय झालंय? गाल बसलेत. जेवताय ना वेळेवर?” मग जरा थांबून तिने हळूच विचारलं, “येऊ का मी?”

पाच महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. मला खोकला आला. तो मी मुद्दाम काढला नव्हता हे शपथेवर सांगतो, पण वेळेवर आला एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा पिवळा लावला. तिला काळजी नको आणि मलाही तोच हवा होता. उजेड पडला तसं टेबल ओळखीचं वाटायला लागलं. बायकोने बघितलं आणि तिचं तोंड खुललं.

“आज कसे तरतरीत दिसताय. मी उगीच घाबरले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि तुम्ही तर मस्त आहात. हिला सांगते, राहते मी अजून दोन महिने.”

“हो हो,” मी म्हटलं, “राहा की.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या बटणाकडे बघत बसलो. पांढऱ्यात ‘येऊ का’, आणि पिवळ्यात ‘दोन महिने’. माझ्यासारख्या माणसाला यातून निष्कर्ष काढायला फार वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना मी बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. पिवळ्यावरून दुधी, दुधीवरून पांढरा. हात माझाच होता.

आणि एकदा पाऊल घसरलं की माणूस कसा घसरत जातो ते मी गुन्हेगारांत बघितलं होतं, स्वतःत आता बघितलं. खुर्ची बल्बच्या बरोबर खाली घेतली, म्हणजे डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. दाढी दोन दिवसांची ठेवली. करडा सदरा शोधून काढला, जो बायकोने फरशी पुसायला ठेवला होता. फार बोलायचं नाही, काही खोटं सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ती विचारायची, “बरं वाटतंय?” मी म्हणायचो, “ठीक आहे.” या दोन शब्दांवर कुठलंही न्यायालय मला पकडू शकलं नसतं.

चौथ्या दिवशी साडेसहाला दार वाजलं. दारात सर, आणि त्यांच्यामागे आमचे नेहमीचे डॉक्टर, हातात बॅग. बायकोने सरांना फोन केला होता. सरांनी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना गाडीवर बसवून आणलं होतं. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवायला बघितलं, पण तिथे तिच्या नसण्याने इतका पसारा होता की त्यांना जेवणाच्या टेबलापाशीच आणावं लागलं. पांढरा चालूच होता.

डॉक्टरांनी मला बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. “जीभ. हं. डोळा खाली ओढा. हं.” नाडी बघताना त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. मग त्यांची नजर सरांवर पडली. “सर, तुम्ही पण जरा जीभ दाखवा.” सरांनी दाखवली. डॉक्टर आणखी गंभीर झाले. मग त्यांनी स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि नखं बघितली.

“गॅलरीत चला,” डॉक्टर म्हणाले.

गॅलरीत दिवस मावळायचा होता. तिथे आम्ही तिघंही धडधाकट निघालो. डॉक्टरांनी बॅग बंद केली. “तुम्हाला काही झालेलं नाही. तो बल्ब बदला. त्याच्याखाली पैलवान बसवला तरी मी त्याला सलाइन लावीन.”

डॉक्टर जिना उतरले. सर आत आले, स्टुलावर न चढताच त्यांनी मान वर करून बल्बवरची छोटी अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, मग बटण एकदा बंद-चालू केलं. पिवळा लागला.

“हा आहे की तुमच्याकडे,” सर म्हणाले. “मग लावत का नाही?”

मी टेबलावरचे नसलेले कण झटकत राहिलो. सर माझ्याकडे बघत होते, साखरेच्या डब्याकडे बघत होते, तिच्या खुर्चीवरच्या वर्तमानपत्रांच्या ढिगाकडे बघत होते. त्यांनी एकही आकडा सांगितला नाही. “बरं,” एवढंच म्हणाले, आणि जाताना दार हळू ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. नुसता बोलायचा.

“बाबा, डॉक्टर काय म्हणाले?”

“काय म्हणणार? काही नाही.”

“आईला तुम्ही तेच सांगितलंत, पण तिचा विश्वास नाही. तिने माळ्यावरून बॅग काढलीय. बाबा, माझी रजा सोमवारी संपते. पाळणाघरात बाळाला जागा मिळणार ती पुढच्या महिन्याच्या पंधराला. मधले दिवस…” ती थांबली. “पण तुम्हाला खरंच बरं नसेल तर मी आईला अडवणार नाही. मी बघेन कसंतरी.”

कसंतरी म्हणताना तिचा आवाज शाळेच्या पहिल्या दिवशी झाला होता तसा झाला. तेव्हाही तिने माझा हात सोडताना हेच सांगितलं होतं, मी जाईन, कसंतरी. मी म्हटलं, “मला काही झालेलं नाही. आईला मी सांगतो.” फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी प्यायलो. तीस वर्षं लोकांच्या तागड्या तपासल्या, खाली चिंच चिकटवलेली पारडी पकडली, आणि आता माझ्याच टेबलावर मी एक बल्ब टांगला होता ज्याच्याखाली माझं वजन कमी भरत होतं. माझी पट्टीही दोन बोटं खोटी निघाली. इलेक्ट्रिकवाल्याला हे कधी कळू नये.

त्या संध्याकाळी मी गुळगुळीत दाढी केली. निळा सदरा घातला, तिनेच घेतलेला. पिवळा लावला, दोनदा खात्री केली की पिवळाच आहे. खुर्ची मागे घेतली. सात वाजले.

बायको स्क्रीनच्या अगदी जवळ आली. “आज बरे दिसताय.”

“ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले तुम्हाला धाड भरलेली नाही.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगतोय. माझी काही काळजी करू नकोस. इकडे मस्त चाललंय माझं. जेवतो, फिरायला जातो, सरांबरोबर गप्पा मारतो. तू राहा हवं तितकं.”

तिने माझ्याकडे बघितलं. “म्हणजे बॅग वर टाकू परत?”

“टाक,” मी म्हटलं. आणि इतकं चांगलं वागल्याबद्दल मला स्वतःचं जरा कौतुक वाटत होतं, तेवढ्यात वीज गेली.

गेली म्हणजे डोळा मिटून उघडावा इतकीच. लगेच आली. पण बल्बला तेवढं पुरलं. दुधी लागला. दुधी उजेडात मी कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. मी “थांब हं” म्हणून झेप घेतली, बटण मारलं, पांढरा लागला. परत मारलं, घाईत एकाऐवजी दोनदा बसलं, पुन्हा दुधी. मी मोजत राहिलो आणि चुकत राहिलो. माझ्या आयुष्यात मोजमापात इतक्या चुका एका मिनिटात कधी झाल्या नव्हत्या. शेवटी पिवळ्यावर आणून मी खुर्चीत येऊन बसलो आणि सदऱ्याची कॉलर नीट केली.

पलीकडे बायकोने हाताची घडी घातली होती.

“अहो,” बायको म्हणाली.

“हं.”

“वीज आली-गेली की तुमची तब्येतही जाते-येते का?”

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. पांढऱ्याचं, पिवळ्याचं, ‘येऊ का’चं, करड्या सदऱ्याचं. सदऱ्याचं ऐकून तिने डोळे मिटले. मुलीच्या फोनचंही सांगितलं, म्हणून आज पिवळा लावला, हेही.

“मी विचारलं होतं ना,” ती म्हणाली. “सरळ विचारलं होतं, येऊ का म्हणून. तेव्हा ‘ये’ म्हणायला काय झालं होतं?”

“तिला तुझी गरज आहे.”

“ते मला माहीत आहे. तुमचं विचारतेय.”

मी टेबलाकडे बघितलं. अशी वाक्यं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. छत्तीस वर्षांत एकदाही वेळ आली नव्हती, कारण ती समोरच असायची. “मला करमत नाही,” मी म्हटलं. “सकाळ कशीतरी जाते. जेवण झाल्यावर जात नाही. तू नाहीस तर हे घर मला नको वाटतं. ये असं तोंडावर येतं रोज. मग बाळ रडतं आणि राहून जातं.”

मग तिचा हात बाजूला गेला, आणि तिच्या तोंडावरचा तो मऊ उजेड गेला. राहिला तो वरच्या ट्यूबचा, सरळ आणि कोरडा.

मी तिला ओळखलं, पण क्षणभर वेळ लागला. गाल उतरले होते. डोळ्यांखाली खरंच काळं झालं होतं, माझ्यासारखं बल्बचं नव्हे. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते आणि तिने ते तसेच ठेवले होते.

“हा दिवा बाळाच्या खोलीतला,” ती म्हणाली. “रोज सातला इथे आणून लावते, तुमचा फोन झाला की परत नेऊन ठेवते. पाच महिने झाले. लेक हसते मला.”

“का पण?”

“तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, ये. आणि तुम्ही एकदा ये म्हणाला असतात ना, तर मी त्याच दिवशी निघाले असते, बाळ टाकून. म्हणून.”

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, ती तिच्या ट्यूबखाली आणि मी माझ्या पिवळ्याखाली. मग मला ते बरोबर वाटेना. मी उठलो आणि या वेळी न चुकता मोजून पांढरा लावला. आता दोघंही सारखेच वाईट दिसत होतो. ती हसली. हसताना ती पांढऱ्यातही तशीच दिसते, हे मी तिथे बसूनच पक्कं केलं.

“त्या बल्बवर तारीख घातलीत?” तिने विचारलं.

“नाही.”

“का? पद्धत म्हणजे पद्धत. पंधराला बाळ पाळणाघरात जाईल. चार-पाच दिवस रुळायला द्यायचे. वीसला बसते गाडीत, एकवीसला दुपारी पोचते. एकवीस घाला.”

“ती लावल्याची तारीख असते ना?”

“अहो, मी सांगतेय ते लिहा.”

मी चिकटपट्टी आणली. बल्ब उतरवला, तो गार होऊ दिला, आणि अंधारात, फोनच्या उजेडात तिच्या देखत लिहिलं, एकवीस. तिने अक्षर जवळ धरायला लावलं आणि दोन्ही आकडे नीट वाचता येतात ना ते बघितलं. मग म्हणाली, “आजचं वर्तमानपत्र आहे का हाताशी?” तिच्या खुर्चीवरच्या ढिगातलं सगळ्यात वरचं मी काढलं, पाच महिन्यांत पहिल्यांदा शेवटचं पान उघडलं. बल्ब परत चढवायचा राहिला होता, म्हणून विजेरीवर वाचलं. तीन खोल्या, पहिला मजला, समोर शाळा. “नको,” ती म्हणाली, “मुलांचा दंगा असेल.” मी म्हटलं, “दंगा बरा.” त्यावर आमचं भांडण झालं आणि बाळ रडेपर्यंत चाललं.

त्या दिवसाला आता आठवडा झाला. एकवीस यायला अजून पाच आठवडे आहेत. ते लहान आहेत असं मी म्हणणार नाही. पण आकडा नक्की असला की मला मोजता येतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी वीज कार्यालयात गेलो होतो. चौथी खिडकी, त्याच बाई. मी नमस्कार केला, तसा त्यांनी चष्मा वर केला.

“योजनेतले बल्ब संपले,” त्या म्हणाल्या. “परवाच.”

“बल्ब नको आहे. त्या दिवशी माझा अर्ज इथे राहिला. सातवा रकाना कोरा होता, तो भरायचा आहे.”

“बल्ब नको तर अर्ज कशाला?”

“नोंद अर्धवट राहिलेली मला चालत नाही,” मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खालच्या ढिगात हात घालून, कपबशीचा डाग पडलेला तो अर्ज काढला आणि सरकवला. मी सावकाश, ठळक आकड्यांत तारीख लिहिली. खाली ‘इतर वापरकर्ता’वर त्यांनी पेन्सिलीने खूण करून ठेवली होती, ती मी तशीच राहू दिली.

बाईंनी तारीख वाचली. “अंदाजे?”

“नाही,” मी म्हटलं. “नक्की.”

“ग्राहकाची सही लागेल पण.”

“येते आहे,” मी म्हटलं. “ती स्वतः येऊन करेल.”